सोलापूरच्या उन्हात ताज्या फळांचा आणि पानांचा केक

धागाकर्ती : अर्धाकपसाखर

नमस्कार. मी जुळे सोलापूरला राहते आणि गेली चार वर्षे ओळखीच्या घरांना केक करून देते. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सासूबाईंना ७५ वर्षे पूर्ण झाली. त्यांच्या केकवर क्रीमची गुलाबे आणि चांदीचे मणी घालण्यापेक्षा ताजी फळे आणि हिरवी पाने मांडावीत, म्हणजे पाहणाऱ्याच्या डोळ्यांना थंड वाटेल, असे मी ठरवले. तयार व्हिपिंग क्रीमचा तुपकट थर टाळूला चिकटून राहतो, अशी सासूबाईंची जुनी तक्रार असल्यामुळे दुधाची क्रीम आणली. सकाळी अकरा वाजता अननस, किवी आणि हापूस आंबा चिरला, फोडी चकाकाव्यात म्हणून त्यांवर पिठीसाखर भुरभुरली, दुपारी दोनला त्या केकवर रचल्या आणि केक फ्रिजमध्ये ठेवला. साडेपाचला तो रिक्षातून विजापूर रोडवरच्या कार्यालयात नेला. त्या दिवशी पारा ४२ अंशांवर होता आणि कार्यालयातले कूलर पहिल्या दोन रांगांपुरतेच वारा देत होते.

सात वाजता सासूबाई सुरी हातात घेऊन उभ्या राहिल्या, तेव्हा किवीच्या चकत्यांखालून निघालेला फिकट हिरवा ओघळ केकच्या कडेवरून उतरून पुठ्ठ्यावर साचला होता. आंब्याची एक फोड क्रीमसकट हळूहळू खाली सरकत होती आणि फोटो काढणारा मुलगा ‘एक मिनिट, ताई’ असे म्हणत तिला टूथपिकने पुन्हा वर ढकलत होता. सर्वांनी केक गोड मानून खाल्ला, पण मी स्वतः चाखला तेव्हा फळांखालची क्रीम चक्क कडवट लागली.

त्याहून मनाला लागलेली गोष्ट पानांची आहे. ती मी हारांबरोबरच फुलवाल्याकडून आणली होती. चुलत दिरांच्या नातवाने त्यांतले एक पान चघळायला घेतले आणि त्याच्या आईने मला विचारले, “काकू, हे खायचे असते का?” ते पान कोणत्या झाडाचे आहे हे मला सांगता येईना. मुलाला काही झाले नाही, परंतु मी आठवडाभर त्याच विचारात आहे.

फळांना पाणी का सुटले, क्रीम कडू का झाली आणि केकवर कोणती पाने निर्धास्तपणे ठेवता येतील, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे. ‘उन्हाळ्यात फळांचा केक करूच नये’ हे उत्तर मला घरातून आधीच मिळालेले आहे.

हुरडापार्टी

डाळिंबाच्या गावात राहून किवीची चकती कशाला शोधायची, हा माझा पहिला प्रश्न. बाकी जाणकार बोलतीलच.

निवृत्त_बेकरीवाला

ताई, मी तीस वर्षे बेकरीत काढली, त्यांतली निम्मी सोलापुरात. आपली चूक एका वाक्यात सांगायची तर आपण फळांवर साखर घातली आणि नंतर आठ तास वाट पाहिली. चिरलेल्या फळावर साखर पडली की ती फोडीतले पाणी बाहेर खेचते. लोणच्यासाठी कैरीला मीठ लावून ठेवल्यावर परातीत जे पाणी जमते, तोच हा प्रकार आहे. ते पाणी क्रीममध्ये उतरले की क्रीमची पकड सुटते, आणि वर उष्णता असल्यावर क्रीममधला स्निग्धांशही मऊ पडतो. फोड सरकली ती त्यामुळे.

दुधाच्या क्रीमविषयी आधी बोलतो. दुकानात फ्रेश क्रीम म्हणून मिळणाऱ्या डब्यात साधारण २५ टक्के स्निग्धांश असतो आणि ती फेटून उभी राहत नाही. फेटण्यासाठी निदान ३० टक्के, शक्यतो ३५ टक्क्यांची क्रीम लागते. भांडे, फेटायचे दांडे आणि क्रीम तिन्ही फ्रिजमधून काढल्याकाढल्या वापरावीत, आणि मे महिन्यात भांड्याखाली बर्फाची परात ठेवावी. सोलापुरात दुपारी बारा ते पाच या वेळात मी कधी क्रीम फेटली नाही. पहाटे पाचला कामाला बसत असू.

आता फळांकडे येतो. फळ आधी धुवावे, पूर्ण कोरडे करावे आणि मगच चिरावे. चिरल्यावर फोडी सुती फडक्यावर एका थरात पसरून वरून दुसरे फडके हलक्या हाताने दाबावे. फडके ओले झाले तर ते बदलून पुन्हा दाबावे. आंब्याला हे एकदा केले तरी पुरते, अननसाला तीनदा करावे लागते. ज्या जागी फळे बसणार तेवढ्या भागावर वितळलेल्या पांढऱ्या चॉकलेटचा कागदासारखा पातळ थर द्यावा आणि तो घट्ट झाल्यावर फळे मांडावीत, म्हणजे थोडाफार ओलावा आला तरी तो क्रीमपर्यंत पोहोचत नाही.

चकाकीसाठी साखर नको, ग्लेझ हवा. जुन्या बेकऱ्यांमध्ये जर्दाळूचा जॅम थोडे पाणी घालून गरम करीत, गाळून घेत आणि ब्रशने फळावर लावीत. मी मात्र आपल्या हवेसाठी चायना ग्रास (अगर-अगर) वापरतो, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. जिलेटिनचा थर सुमारे ३५ अंशांना वितळू लागतो, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात तो दारातून बाहेर पडताच पाणी होतो. चायना ग्रास उकळून विरघळवल्यावर ४० अंशांच्या आसपास गोठतो, पण एकदा गोठला की ८५ अंशांच्या आसपास तापल्याशिवाय पुन्हा वितळत नाही. एक कप पाण्यात अर्धा चमचा चायना ग्रासची पूड आणि दोन चमचे साखर घालून दोन मिनिटे उकळावे, थोडे निवू द्यावे आणि कोमट असतानाच कामाला लागावे. उशीर केला तर भांड्यातच जेली होते. ती पुन्हा उकळली की चालते.

एक गोष्ट नवीन मुले हमखास चुकतात. ग्लेझ केकवर बसवलेल्या फळाला लावू नये, कारण कोमट ग्लेझ ओघळून क्रीम वितळवतो. फोडी ताटलीत मांडाव्यात, तिथेच ब्रश फिरवावा, दहा मिनिटे फ्रिजमध्ये ठेवाव्यात आणि मग चिमट्याने उचलून केकवर ठेवाव्यात. हे सगळे केक घराबाहेर पडण्याच्या आधी अर्ध्या तासात झाले पाहिजे. जमत असेल तर फळे डब्यातून वेगळी न्यावीत आणि कार्यालयात पोहोचल्यावर मांडावीत. मांडायला पाच मिनिटे लागतात आणि त्या पाच मिनिटांत आजूबाजूला मुले जमतात, तो आनंद निराळा असतो.

प्रयोगवही

मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. क्रीम कडू होण्याचे कारण आपण निवडलेल्या फळांमध्येच आहे. न शिजवलेल्या अननसात ब्रोमेलेन, किवीत ॲक्टिनिडिन आणि पपईत पपेन नावाची विकरे (एन्झाइम) असतात. ती प्रथिनांचे तुकडे करतात. दुधातल्या प्रथिनांचे असे तुकडे झाले की त्यांतले काही जिभेला कडू लागतात. त्यामुळे अननस किंवा किवी दुधाच्या क्रीमवर तासन्‌तास बसले की फळाखालचा थर कडवट होतो. फळ आणि क्रीम ताजे असूनही हे घडते, म्हणून दुकानदाराला दोष देऊन उपयोग नसतो.

तयार व्हिपिंग क्रीम वनस्पती तेलाची असली तरी अनेकींच्या वेष्टनावर सोडियम केसिनेट हा घटक लिहिलेला आढळतो, आणि तेही दुधाचेच प्रथिन आहे. याच विकरांमुळे कच्चा अननस घातलेली जिलेटिनची जेली गोठत नाही. चायना ग्रास हा समुद्री शेवाळापासून मिळणारा कर्बोदक पदार्थ असल्यामुळे विकरांचा त्यावर काही परिणाम होत नाही, म्हणून बेकरीवाल्या काकांनी सुचवलेला ग्लेझ या बाबतीतही योग्य ठरतो.

अननस हवाच असेल तर त्याच्या चकत्या साखरेच्या पाण्यात पाच-सात मिनिटे उकळून, निथळून आणि गार करून घ्याव्यात, कारण उष्णतेने विकर निकामी होते. डब्यातल्या अननसावर ही प्रक्रिया आधीच झालेली असते. किवी उकळली तर तिचा रंग शेवाळी होतो, म्हणून ती अगदी केक कापायच्या वेळी ठेवावी किंवा ठेवूच नये. सफरचंद आणि केळे काळे पडते ते वेगळ्या विकरामुळे. त्यांना लिंबाचा रस लावल्याने काळे पडणे लांबते, पण मुळात केळे केकच्या वर न ठेवता आतच ठेवावे, असे माझे मत आहे.

अर्धाकपसाखर

काका, प्रयोगवहीताई, मनापासून आभार. अननस, किवी आणि दुधाची क्रीम हे तिन्ही मी एकत्र केले, म्हणजे कडू होण्याची सोय माझ्याच हाताने केली होती. लोणच्याचे उदाहरण वाचून तर कपाळाला हात लावला, कारण त्याच आठवड्यात घरी कैरीला मीठ लावून ठेवले होते.

पानांविषयीही कोणी लिहावे. सध्या माझ्या डोक्यात द्राक्षाची पाने आहेत. ती आकाराने सुंदर असतात, परदेशात त्यांत भात भरून खातात असे ऐकले आहे, आणि आपल्या जिल्ह्यात त्यांना तोटा नाही. मामेभावाची बाग आहे, तो पोतेभर पाने देईल.

सांगोल्याचा_बागवाला

ताई, पोतेभर काय, त्यांतले एकही पान केकवर ठेवू नका. माझी डाळिंबाची बाग आहे आणि मेहुण्यांची कासेगावला द्राक्षे आहेत, म्हणून थोडे अधिकाराने लिहितो. द्राक्षाचे पान मुळात खाण्याजोगे आहे हे खरे, पण ते खाण्यासाठी वाढवलेल्या वेलीचे असावे लागते. आमच्या बागेत एप्रिलची खरड छाटणी झाली की कोवळ्या फुटीवर फवारणी सुरू होते आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर केवडा, भुरी, करपा या रोगांसाठी ती आणखी वाढते. फवारणीच्या बोर्डो मिश्रणात मोरचूद असते. शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवस सोडायचे याचा हिशेब आम्ही घडासाठी करतो. पानासाठी तो कोणीच करत नाही, कारण पान कोणी खाईल असे गृहीतच नसते. उलट फवारा सगळ्यात आधी पानावर बसतो. डाळिंबाच्या पानांचेही तेच, तेल्या रोगाच्या भीतीने आम्ही पावसाळ्यात पान कोरडे राहू देत नाही.

फळांचे तसे नाही. वाहत्या पाण्याखाली चोळून धुतलेली द्राक्षे खुशाल वापरा. मण्यावरचा पांढरट मेणचट थर बहुतेक वेळा नैसर्गिक असतो, तो पाहून घाबरू नये. सोनाका आणि शरद सीडलेस हे दोन्ही वाण आपल्याच उत्तर सोलापुरातल्या नान्नजला नानासाहेब काळे यांनी निवडून काढले. लांबट पिवळसर सोनाका आणि काळी शरद पांढऱ्या क्रीमवर शेजारी ठेवली तर दुसरा रंग लागत नाही. मात्र ती जानेवारी ते एप्रिलचीच. आणि केक लहान मुलांसाठी असेल तर मणी उभा चिरून ठेवा, सबंध मणी घशात अडकण्याचा धोका असतो.

मे महिन्यात हस्त बहाराचे (बहार म्हणजे फुलोऱ्याचा हंगाम) डाळिंब संपत आलेले असते, पण जूनअखेरीपासून आंबे बहाराचे सुरू होते आणि डिसेंबरपासून मृगाचे. म्हणजे वर्षातले फार थोडे दिवस डाळिंबाशिवाय जातात. सोलापूर डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ पासून आपल्या केगावला आहे. केकसाठी भगवा वाण घ्यावा, त्याचा दाणा गडद लाल आणि बी मऊ असते. गणेश वाणाचा दाणा फिकट गुलाबी असतो, तो पांढऱ्या क्रीमवर उठून दिसत नाही.

शेंगाचटणी

डाळिंब सोलण्याची माझी पद्धत सांगते, कारण केकवर एकही फुटका दाणा जाऊन चालत नाही. वरचा मुकुट झाकणासारखा कापून काढायचा, आतले पांढरे पडदे जिथे दिसतात तिथे सालीवर उभ्या चिरा द्यायच्या आणि फळ पाण्याच्या पातेल्यात बुडवून उघडायचे. दाणे तळाशी जातात, पडद्याचे तुकडे वर तरंगतात. चमच्याने ठोकून काढलेल्या डाळिंबात दहांतले दोन दाणे तरी फुटतात आणि त्यांचा रस क्रीमवर गुलाबी डाग पाडतो. निथळलेले दाणे फडक्यावर पसरून पंख्याखाली अर्धा तास ठेवावेत. मग ते हातात घेतल्यावर कोरड्या मण्यांसारखे एकमेकांवर वाजतात. तसे वाजले तरच केकवर टाकावेत.

वनस्पतीवेडी

पानांचा विषय निघाल्यामुळे लिहिल्यावाचून राहवत नाही. केकला टेकणारे प्रत्येक पान, फूल आणि देठ हा केकचाच भाग समजावा. ‘ते फक्त शोभेसाठी आहे, काढून खा’ असे सांगून भागत नाही, कारण पानाचा चीक आणि त्यावरचे औषध क्रीममध्ये उतरते आणि मूल सांगितलेले ऐकत नाही. फुलवाल्याकडची पाने व फुले खाण्यासाठी पिकवलेली नसतात, म्हणून ती कितीही धुतली तरी वापरू नयेत.

आपल्याकडे सहज दिसणारी कित्येक झाडे सुंदर आणि विषारी आहेत. महामार्गाच्या दुभाजकातली कण्हेर आणि बिट्टी म्हणजे पिवळी कण्हेर हृदयावर परिणाम करते. धोत्रा, रुई आणि घाणेरी यांच्याविषयी सांगायला नको. सदाफुलीची पाच पाकळ्यांची गुलाबी फुले छायाचित्रांत केकवर पाहिली आहेत आणि प्रत्येक वेळी धसका घेतला आहे. तिच्यातील द्रव्यांपासून कर्करोगावरची औषधे बनतात, ती खायची वस्तू नाही. घरातले मनी प्लांट आणि डिफेनबॅकिया यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते चघळले की तोंड आणि घसा पेटतो. केकवर पांढऱ्या ढगासारखी खोचतात ती जिप्सोफिलाही खाण्याची नव्हे. आंब्याची डहाळी पाडव्याला मंगल असते हे मान्य, पण तिच्या चिकाने कित्येकांच्या त्वचेवर पुरळ उठते, म्हणून तिने तोरणातच राहावे.

आता खाण्याजोगी पाने. पुदिना सर्वांना ठाऊक आहे. सब्जाची पाने तुळशीसारखीच दिसतात, चवीला गोडसर असतात आणि आंब्याबरोबर फार छान लागतात. नागवेलीचे पान तर आपण जेवणानंतर खातोच. कोवळे लहान पान गुलकंदाच्या केकवर अखंड ठेवावे, पिकलेले मोठे पान तिखट लागते. शेपूची किंवा बडीशेपेची कोवळी नाजूक पाती नेच्यासारखी दिसतात आणि फुलवाल्याच्या हिरवाईची जागा चोख भरून काढतात. माझी स्वतःची आवड मात्र अंबाडीची आहे. सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू भाषक घरांत जिला गोंगुरा म्हणतात ती अंबाडी मंडईत जुडीने मिळते. तिचे शेंड्याचे तीन बोटांसारखे कोवळे पान आणि लालसर देठ पांढऱ्या क्रीमवर इतके देखणे दिसते की पाहुणे परदेशी पान समजतात, आणि तिची आंबट चव गोड क्रीमला तोड देते. लाल माठाचे बी कुंडीत दाट पेरले तर आठ-दहा दिवसांत बोटभर उंचीची जांभळट रोपे मिळतात, तीही कात्रीने कापून वापरता येतात. लिंबाच्या पानाचा सुगंध चांगला, पण ते चिवट असते. त्याचा वेगळा उपयोग पुढे सांगते.

पाने टवटवीत ठेवण्यासाठी दहा मिनिटे बर्फाच्या पाण्यात बुडवावीत, फडक्यात गुंडाळून हलकेच झटकावीत आणि ओलसर कापडासह डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावीत. सब्जा आणि तुळस यांना मात्र फ्रिजची थंडी सोसत नाही, रात्रीत काळी पडतात. त्यांची डहाळी पेल्यातल्या पाण्यात ओट्यावरच ठेवावी. पान क्रीममध्ये खोचू नये, फळाच्या आधाराने तिरपे टेकवावे.

लिंबाच्या पानाचा उपयोग असा : न फवारलेल्या झाडाचे पान धुऊन कोरडे करावे, त्याच्या मागच्या बाजूला, जिथे शिरा उठून दिसतात तिथे, वितळलेले चॉकलेट ब्रशने लावावे आणि पंधरा मिनिटे फ्रिजमध्ये ठेवून देठाकडून पान सोलून काढावे. शिराशिरांचे चॉकलेटचे पान हाती येते. उन्हात ते टिकत नाही, पण थंडीत, जानेवारीत सोलापुरात भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, आदल्या दिवशी करून ठेवता येते.

वाड्यातली_आजी

तुळशीविषयी एक शब्द. आमच्याकडे द्वादशीला तुळस तोडत नाहीत आणि अंडे घातलेल्या पदार्थावर तर तिचे पान ठेवणार नाहीत. नव्या पिढीला हे पटेल न पटेल, पण ज्यांच्या घरी केक जाणार आहे त्यांना आधी विचारावे.

वनस्पतीवेडी

आजी, आपले म्हणणे रास्त आहे, मी ते लक्षात घ्यायला हवे होते. म्हणूनच सब्जा सुचवते. रूप तेच आणि कोणाच्या मनाला लागण्याचे कारण नाही.

शेंगाचटणी

साखरेत घोळवलेली पानेही करता येतात. अंड्याचा पांढरा भाग चालत नसेल तर बाभळीच्या खाण्याच्या डिंकाची बारीक पूड एक चमचा घेऊन दोन चमचे गुलाबपाण्यात रात्रभर भिजवावी, मलमलच्या कापडातून गाळावी आणि मऊ ब्रशने पानाच्या दोन्ही बाजूंना पातळ लावावी. वरून मिक्सरमध्ये जराशी फिरवलेली रवाळ साखर भुरभुरावी. पिठीसाखर घेतली तर चिखल होतो. जाळीवर सुकवावे. आपल्या एप्रिलच्या कोरड्या हवेत पुदिन्याचे पान एका दिवसात कुरकुरीत होते.

अर्धाकपसाखर

दोन महिन्यांनी धागा वर आणते आहे, त्याबद्दल क्षमस्व. पण सांगण्यासारखे घडले आहे. मागच्या आठवड्यात नणंदेच्या मुलीचा वाढदिवस झाला. केक दीड किलोचा, दुधाच्याच क्रीमचा. पहाटे साडेपाचला बर्फाच्या परातीवर क्रीम फेटली. लक्ष्मी मंडईतून आंबे बहाराची भगवा डाळिंबे आदल्या संध्याकाळी आणली होती. शेंगाचटणीताईंच्या पद्धतीने पाण्यात सोललेल्या पहिल्या डाळिंबाचे सात दाणे फुटले, तिसऱ्याचा एकही फुटला नाही. पंख्याखाली ठेवलेले दाणे ताटलीत खरोखर वाजू लागले, तेव्हा सासूबाई स्वयंपाकघरात येऊन कान देऊन ऐकत उभ्या राहिल्या.

क्रीमवर पांढऱ्या चॉकलेटचा अर्धचंद्राच्या आकाराचा पातळ पट्टा दिला आणि त्यावर कडेला दाट, आत येताना विरळ होत जाणारे दाणे पसरले. मोसंबीच्या पाकळ्या पांढरी साल काढून, फडक्यात तीनदा दाबून, चायना ग्रासचा ग्लेझ ताटलीतच लावून मधे पाच ठेवल्या. ग्लेझ पहिल्यांदा भांड्यातच गोठला. काकांनी बजावले होते तरी फोन घ्यायला गेले. पुन्हा उकळल्यावर जमला. अंबाडीची नऊ कोवळी पाने दाण्यांच्या आधाराने टेकवली. दाणे, मोसंबी आणि पाने तीन डब्यांत नेली आणि नणंदेच्या घरी, होटगी रोडला पोहोचल्यावर मांडली. केक कापेपर्यंत पाऊण तास गेला, एक थेंबही ओघळला नाही. त्या पाऊण तासात तीन जणांनी पान उचलून खाल्ले आणि ‘हे कसले पान?’ या प्रश्नाला या वेळी मला उत्तर देता आले. नणंदेच्या शेजारीण बाई तेलुगू भाषक आहेत. त्या म्हणाल्या की गोंगुरा केकवर बसलेली त्यांनी जन्मात पाहिली नव्हती, आणि दोन पाने त्यांनीच संपवली.

डिंकात घोळवलेली पुदिन्याची पाने मात्र फसली. जुलैच्या दमट हवेत ती दोन दिवसांतही सुकली नाहीत, साखर ओघळून पाने बोटांना चिकटू लागली. ती शेवटी लिंबू सरबतात गेली.

शेंगाचटणी

पावसाळ्यात ती सुकत नाहीत हे मी स्पष्ट लिहायला हवे होते, चूक माझी. ओव्हन अगदी मंद, ५० अंशांवर, दार किंचित उघडे ठेवून तास-दीड तास चालवला तर जमतात, पण रंग थोडा मावळतो. मी स्वतः दिवाळीपर्यंत थांबते.

हुरडापार्टी

किवीवाल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले, समाधान झाले. एकच शंका : केक उरला असेल तर दुसऱ्या दिवशी दाण्यांखालची क्रीम गुलाबी झाली का?

अर्धाकपसाखर

दोन तुकडे उरले होते. चॉकलेटच्या पट्ट्यावरचे दाणे जसेच्या तसे होते. पट्ट्याच्या बाहेर घरंगळलेल्या चार-पाच दाण्यांखाली मात्र क्रीमवर नाण्याएवढे गुलाबी ठिपके पडले होते, म्हणजे कोरडा दाणाही रात्रभरात थोडा रंग सोडतोच. अंबाडीची पाने सुकून गेली होती. त्यांची सासूबाईंनी उरलेल्या जुडीबरोबर भाजी केली.